मधली रेघ

व्हर्ना टॉलेफसनच्या नावावर
खेळाडू म्हणून एकही गुण नाही.
चार वर्षं, एकसष्ट सामने, शून्य.

तेव्हा मुली सहा-सहाच्या संघात खेळायच्या,
तीन रेघेच्या अलीकडे, तीन पलीकडे.
व्हर्ना अलीकडची.
चेंडू हिसकावायचा, दोनदा आपटायचा,
रेघेपाशी थांबायचं
आणि देऊन टाकायचा.
फार पळाल्या तर पोरींना पोरं होत नाहीत,
असं डॉक्टर सांगत,
जे साउथ डकोटाच्या बर्फातून
एकाही बाळंतपणाला वेळेवर पोचले नव्हते.

कॉलेजनं तिला संघ दिला तो असा:
जिम रात्री साडेनऊनंतर,
कुस्तीच्या गाद्या आम्हीच गुंडाळायच्या,
पगार टायपिंग शिकवण्याचा.
आम्ही फुकट.

एप्रिलमध्ये आम्ही शेतांतले दगड वेचले,
एकरी चाळीस सेंट,
आणि त्यातून पेट्रोल भरलं
तिच्या मेहुण्याच्या जुन्या शववाहिकेत.
सामन्यांना आम्ही तिच्यातूनच जायचो.
इनेझ सर्वांत उंच, म्हणून तिला आडवं व्हायची मुभा.
रस्त्यावरचे म्हातारे टोप्या काढायचे.
इनेझ आतून हात हलवायची.

मग नियम बदलला. पाच जणी, अख्खं मैदान.
पहिल्या दिवशी डार्लीन रेघेपाशी आली
आणि थांबली.
पुन्हा आली, पुन्हा थांबली.
तार काढून नेली तरी
गुरं तिथंच थबकतात काही दिवस.
व्हर्ना ओरडली नाही.
शिट्टी खिशात ठेवून
रेघेपलीकडे जाऊन उभी राहिली नुसती,
घरी उशिरा आलेल्या पोरीसाठी
दार उघडं धरावं तशी.

पुढचं फलकावर लिहिलेलं आहे:
चारशे बारा विजय, तीन वेळा राज्यात पहिल्या.
फलकावर नाही ते हे:
टीव्हीवाले आले, मागोमाग पैसे आले,
आणि पैशांमागून एक गृहस्थ आले
तिच्या जागेवर, तिप्पट पगारानं.
सोमवारी ती टायपिंगच्या वर्गात होती.
"पाठ सरळ," म्हणाली, "बोटांकडे बघू नका."

किल्ल्या परत करायच्या आदल्या रात्री
आम्ही दोघी तिला शोधत जिमवर गेलो.
एकच दिवा. ती बुटांशिवाय, मोज्यांवर.
चेंडू दोनदा आपटला,
रेघेपाशी आली,
थांबली.
किती वेळ, ते मी सांगणार नाही.
मग पलीकडे गेली आणि टाकला.
चुकला. दुसराही. सलग सात चुकले.
आठव्याचं मला माहीत नाही.
डार्लीननं दार हळूच ओढून घेतलं,
म्हणाली, चल,
कोच सराव करतेय.