हस्तक्षेप : एक

काल रात्री गाडीत नवीन आवृत्ती उतरली.
पुण्याहून, हवेतून, मी घरी झोपलेलो असताना.
सकाळी होटगी रोडच्या शेडमध्ये दार उघडलं
तर वास तोच, सीटवरचा माझा खळगाही तोच,
फक्त पडद्यावर एक ओळ :
सुधारणा पूर्ण. प्रवास सुरू करा.

माझं काम काही न करण्याचं.
हात मांडीवर,
उजवा पाय ब्रेकच्या वर दोन बोटं, अधांतरी,
आठ तास.
न दाबलेल्या ब्रेकनं पोटरी भरून येते
हे बायकोला सांगितलं तर ती हसते.
बावीस वर्षं हैदराबादच्या लाईनला ट्रक हाणला,
तेव्हा पाय दुखायचा त्याला कारण तरी असायचं.

जुनी आवृत्ती चादरींना भ्यायची.
अशोक चौकाच्या मागं, गल्लीत,
दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या चादरी.
वारा सुटला की त्यांच्यावरचे मोर हलायचे
आणि ही मधोमध गोठायची.
मागं टमटमवाला : काय बे, झोपला काय?
मी दोन्ही हात वर करून दाखवायचो,
मी नाही बाबा, ही.

आज ती चादरींजवळून गेली.
वेग जरासा कमी केला,
ओळखीच्या दारावरून जाताना माणूस करतो तसा.
कानात ऋजुता मॅडम : येमूल, पाहिलंत?
पाहिलं.
थोडं वाईटही वाटलं. का, ते विचारू नका.

बाप यंत्रमागावर होता. चार माग, एकटा.
हात पाठीमागं बांधून फिरायचा.
एवढ्या खडखडाटात कुठं एक धागा तुटला
की त्याची मान तिकडं वळायची.
शाळेत मी मित्रांना सांगायचो,
माझे वडील नुसते फिरतात.

दुपारी बारा. बेचाळीस अंश.
दत्तनगरजवळ विड्या देऊन परतणाऱ्या बायका,
डोक्यावर पदर, कमरेला रिकामी सुपं.
त्यातली एक म्हातारी कडेला थबकली.
गाडी थांबली.
माझ्या पायाआधी थांबली, कबूल करतो.
हिसका नाही, करकर नाही,
समोर चांगलं सात मीटर अंतर.
तरी म्हातारी येईना.
टपावर गरगरणाऱ्या डोळ्याशी तिला देणंघेणं नव्हतं.
ती काचेतून माझ्याकडं बघत होती.
चार सेकंद. पाच.
मी मान हलवली. ये.
मग ती निघाली,
आणि अर्ध्या रस्त्यात सूप सावरत म्हणाली,
चल्लगा उंडु, नायना.
गार राहा, लेकरा.
आत एसी चालू होता.
तो आशीर्वाद कुणाच्या खात्यावर घालायचा
मला कळेना.

विजापूर रोडला मी ब्रेक दाबला.
दिवसभरातला एकच.
संध्याकाळी अर्ज भरताना मॅडमनी विचारलं, कारण?
पादचारी, जनावर, सिग्नल, खड्डा, इतर.
मी म्हटलं, गतिरोधक.
तिथं गतिरोधक नाही, येमूल. मागच्या महिन्यात काढला.
होय, मला माहीत आहे.
मग?
मग काय. पाय गेला.
त्यांनी 'इतर'वर खूण केली.

आणि मॅडम, मान हलवली ती?
तो हस्तक्षेप धरायचा का?
त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत.
पलीकडं कुणाचा तरी पंखा ऐकू येत होता.
त्याला रकाना नाहीये, म्हणाल्या,
पण वेळ सांगून ठेवा.
बारा वाजून सात मिनिटं, मी म्हटलं.

शेडला कुलूप लावलं, स्कूटरला किक मारली.
आज रात्री तिच्यात पुन्हा काहीतरी उतरेल.
घरी जाताना त्याच जागी,
सपाट, नव्या डांबरावर,
माझा वेग आपोआप कमी झाला,
आणि मागच्यानं हॉर्न मारला.