शून्य वाहिन्या सापडल्या

टाल्लिन, मुस्तामाए, नववा मजला,
फेब्रुवारीतला रविवार.
टीव्ही बंद पडून महिना झाला,
नवा घ्यायचा नाही म्हणतात आजोबा.
"तुझ्या त्या लॅपटॉपात दिसतं ना सगळं? मग बसव."

म्हणून काडेपेटीएवढा ट्यूनर आणलाय
आणि प्लेअरच्या मेनूत शिरलेय:
मीडिया, मग डिव्हाइस उघडा, मग डिजिटल,
मग वारंवारता, किलोहर्ट्झमध्ये,
बँडविड्थ आठ.
आकडे मी एका कागदावरून वाचते,
आजोबा दुसऱ्या कागदावर ते पुन्हा लिहून घेतात.
यंत्रावर त्यांचा विश्वास आहे,
कागदावर जरा जास्त.

शोध सुरू. हिरवी पट्टी गोगलगाईच्या चालीने
टोकापर्यंत गेली.
शून्य वाहिन्या सापडल्या.

"अँटेना कुठे ठेवलायस?"
खिडकीत. फर्नच्या कुंडीला टेकवून.
ते नुसतं हसले, बूट चढवले,
बाल्कनीतला बर्फ पायाने सारला
आणि दिशा न विचारता हात लांब केला.
समोर एक इमारत, तिच्यामागे तशीच दुसरी,
मागे समुद्र, ऐंशी किलोमीटर,
आणि पलीकडे हेलसिंकी.
"इथे. नाही, बोटभर डावीकडे.
इथे बांध."

तेव्हा फिनलंडचं चित्र आमच्या घरात यायचं,
आवाज यायचा नाही.
दोन देशांच्या आवाजांत एका मेगाहर्ट्झचं अंतर,
आमच्या टीव्हीचा कान तिथवर पोचत नसे.
मग आजोबा कारखान्यातून जेवणाच्या डब्यात
ट्रान्झिस्टर आणायचे, रात्री कथिल वितळवायचे,
बोटभर लांबीची एक पट्टी
अर्ध्या जिन्याला बसवून दिली त्यांनी.
पैसे घेतले नाहीत. तळमजल्यावरच्या वाम्बोलाने
धुरावलेला ईल मासा दिला, तेवढा घेतला.
स्वतःच्या घरची पट्टी अर्थातच सगळ्यांत शेवटी.

तोवर दोन हिवाळे हेल्यू आजी
त्या मुक्या माणसांना आपल्या पदरचं बोलणं द्यायची.
साबणाच्या जाहिरातीतली बाई
नवऱ्याचं सामान दारात काढून ठेवायची.
हवामान सांगणारा तर रोज संध्याकाळी
कुणाला तरी लग्नाची मागणी घालायचा,
नकाशावर काठी टेकवत:
इथे राहू आपण. बरं, नाहीतर इथे.
आवाज आला त्या दिवशी ती हिरमुसली म्हणे.
तो फक्त तापमान सांगत होता.

तेवीस वाहिन्या सापडल्या.
नावांतली टिंबवाली अक्षरं फुटलेली,
प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह.
पहिलीवर दोनदा क्लिक केलं.
पडदा काळा.
त्या काळ्यातून एक बाई स्वच्छ बोलू लागली,
फिन्निश, भराभर, मध्येच पाण्याची डुबुक.

"कोडेक नाहीये," मी म्हटलं,
"आवाज उलगडतोय, चित्र गुंडाळलेलंच राहतंय.
पाच मिनिटं, उतरवून घेते."
"थांब."
त्यांनी खुर्ची पुढे ओढली.
डोळे मिटले नाहीत, त्या काळ्यावरच लावले.
"लाल टोपी आहे तिची. बर्फाला भोक पाडून बसलीय.
तासभर मासा नाही, चिडलीय,
पण कॅमेऱ्यासमोर चिडता येत नाही."
मला फिन्निश कळत नाही. त्यांना कळतं.
तरी मी म्हटलं, "नवऱ्यावर चिडलीय.
गळ घरी विसरला तो."
"मग जाऊ दे त्याला परत. चालत."

कोपऱ्यात सिग्नल: चौसष्ट टक्के, एकोणसाठ, चौसष्ट.
बाहेर वाऱ्याने अँटेना हलत असेल,
माझी गाठ तशीही कच्चीच असते.
पडद्यावर एक छोटी चौकट विचारत होती
कोडेक हवा का: होय, नाही, नंतर.

पाण्यात काहीतरी दाणकन आपटलं,
बाई किंचाळली, कुणीतरी धावलं.
"केवढा!" आजोबा म्हणाले,
आणि दोन्ही हात फाकवून
मला दाखवला, केवढा.