एक नग

धुळ्याच्या कोर्टात एकतीस वर्षं टंकलेखक होतो.
'आरोपीस पिंजऱ्यात उभे केले'
हे वाक्य बोटांना इतकं पाठ
की ते उमटत असताना मी बाहेर
लिंबावरच्या साळुंक्या मोजायचो.

चूक एकदाच झाली.
पुराचा पंचनामा होता, घाई होती,
काना राहिला, वेलांटी बसली, झ चा ज झाला
आणि वरपर्यंत अहवाल गेला:
पिंजरा दुथडी भरून वाहत असून
काठावरील रहिवाशांना हलविण्यात आले आहे.

पांझरेनं मनावर घेतलं नाही.
वर्षातले आठ-नऊ महिने
तिला वाहण्याची तशीही सवय नाही.
नाझरसाहेबांनी घेतलं.
शिक्षा म्हणून साक्षीदाराच्या पिंजऱ्याची
दुरुस्ती माझ्या गळ्यात.
वाळवीनं त्याचा डावा पाय खाल्ला होता,
खरं बोलणाराही आत उभा राहिला
की डुलायचा.

सहाव्या गल्लीत हारून पिंजारी.
आडनावात कापूस, हातात वेल्डिंग.
बाप खांद्यावर धनुकली टाकून
कापडण्यापासून सोनगीरपर्यंत फिरायचा,
तातीचा आवाज आला की बाया
दबलेल्या उशा ओट्यावर आणून टाकायच्या.
हारूनच्या दुकानात कूलरचे सांगाडे,
उंदरांचे सापळे, राघूंची घरं,
आणि दारात आडवा पडलेला, बैलगाडीएवढा,
वनखात्यानं पिंपळनेरच्या उसासाठी मागवलेला.

ठिणगीकडे बघायला तो काच वापरत नसे.
एक्स-रेची जुनी फिल्म धरायचा डोळ्यांपुढे.
"बापनी शे," म्हणाला.
मीही धरून बघितली.
बारा-बारा फासळ्या, मधे पांढरं धुकं,
पिंजून पिंजून आत साठलेलं,
आणि फासळ्यांच्या पलीकडे
निळी, न दुखणारी आग.

मग त्यानं बिलबुक काढलं.
"साहेब, काय लिखू?
पिंजरा लिखू का कठडा?"
मी मागची पानं उलटली.
पिंजरा, एक नग, उंदीर.
पिंजरा, एक नग, राघू.
पिंजरा, एक नग, वाघ, बकरी खात्याची.
पिंजराच लिही, म्हटलं.
शेवटच्या रकान्यापाशी तो थांबला,
पेन झटकलं,
आणि लिहिलं: माणूस.

उसात तो मोठा पिंजरा सव्वा महिना होता.
आतल्या कप्प्यात बकरी बांधलेली,
सुपडूची, भाड्यानं, रोजाचे पन्नास.
बिबट्याचे ठसे सापडायचे,
पिंजऱ्याला वळसा घालून गेलेले,
जसा गावातला शहाणा माणूस
पुढाऱ्याच्या मांडवाला घालतो.
सदतिसाव्या रात्री बकरी व्याली.
सकाळी सुपडू गार्डाला म्हणाला,
"वाघ काही उना नही, भाऊ,
एक जीव मातर वाढना."

खात्यानं हारूनचं बिल अडवलं.
शेरा: गजांमधील अंतर जास्त,
जनावर निसटण्याचा संभव, खुलासा करावा.
तो कागद घेऊन माझ्याकडे आला,
बोटांना लोखंडाचा वास,
शब्द जवळ नव्हते.
मी मशीनवर कागद चढवला.

'सदर पिंजऱ्यात जन्मलेले करडू
रोज सकाळी गजांमधून बाहेर जाते,
उसाचं पाचट हुंगते, बांधावर उड्या मारते,
आणि भूक लागली की दूध प्यायला
त्याच गजांमधून आत येते.
बकरी मोठी असल्याने तिला येता येत नाही.
अंतर मोजून ठेवले आहे.'

तिसऱ्या ओळीत 'पाचट' कळेल का साहेबाला,
एवढीच हारूनला शंका होती.

पैसे निघायला दिवाळी गेली.
वेलांटी या वेळी मी दोनदा तपासली होती.