खुणेचं पान

रद्दीतून चाळीस रुपयांना आणलेली डिक्शनरी,
'ए'ची पानं फाटलेली.
सुरुवात ठाऊक नसताना
मी थेट 'चिअर'पाशी पोचले :
उल्हास. मुळात मात्र, चेहरा.
आईला सांगितलं.
तंबाखूच्या सुपातून न बघता म्हणाली,
"हजार विड्या होईस्तोवर माझा खालीच असतो की."

'मेरी' म्हणजे आधी नुसतं आखूड.
ज्यानं वेळ आखूड होतो, ते.
आणि 'एक्झुबरंट'च्या पोटात
लॅटिन कास आहे, दुधानं तटतटलेली.

आईची कात्री थांबली.
"नरसव्वाच्या म्हशीसारखी?
धारेला उशीर झाला की आपणहून गळायची, ती?"
आणि हसली,
तोंडाला पदर न लावता.

तेवढ्यात लाईट गेली.
अख्ख्या साखर पेठेतले माग गप्प.
तिचं हसू एकटंच गल्लीभर फिरलं.
वडनालांच्या खिडकीतून हाक आली, "एमैंदी?"
"काही नाही गं, इंग्रजी शिकतेय."

लाईट आली. खटखट.
मान पुन्हा खाली.
मी सुपातलं एक टेंभुर्णीचं पान उचललं,
'एम'मध्ये ठेवलं, खुणेला.
हिशेबात एक विडी कमी भरली.