गार पाण्याचा नळ

मे लागला की इब्रीत पहिलं काम
गीझरचं बटण बंद करायचं.
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तोवर
चहापत्ती टाकली तर रंग सोडेल इतकं तापलेलं असतं,
आणि गीझरच्या पोटात, भिंतीआड,
कालचं पाणी जरा माणसात आलेलं.
म्हणून लाल खुणेचा नळ गार,
निळ्या खुणेचा कढत.
नव्या माणसाला हे सांगावं लागतं.
मोफिजुलला सांगायचं मी विसरलो.
पहिल्याच दिवशी तो न्हाणीतून ओरडत बाहेर आला
बांगलात. मला बांगला येत नाही,
शिवी कळली.

मी ए.सी. दुरुस्त करतो.
म्हणजे खोल्याखोल्यांतली धग उचलून
बाहेर फेकणारी यंत्रं.
आणि फेकलेली धग जिथे पडते
बरोबर तिथे मी बसलेला असतो पाना घेऊन.
पाना बर्फाच्या डब्यात ठेवतो, पाण्याच्या बाटल्यांशेजारी.
स्क्रू ओठांत धरायची सवय
पहिल्या उन्हाळ्यातच सुटली,
डाग अजून आहे.

साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम बंद. कायदा आहे.
मांजर व्हॅनखाली,
मोफिजुल मांजराशेजारी,
दोघंही एकमेकांकडे न बघता.
मी मशिदीच्या भिंतीला टेकून
आपल्याकडचे शब्द काढून बघतो, कुठला पुरतो का.
उकाडा? छे.
झळ? ती येते आणि जाते, ही येऊन राहिली आहे.
काहिलीत निदान गुळाचा वास असतो.
आणि ऊन तर आपण भातालाही म्हणतो,
ऊन ऊन भात, वर तूप,
इतका मायेचा शब्द
या एकावन्न अंशांवर कसा वाया घालवू?
तेव्हा काहीच म्हणत नाही. पाणी पितो.
पोरीचा फोन आला तर म्हणतो, आमचं कामच गारव्याचं.

जुलैत शम्सा बिन्त खल्फानच्या घरचा ए.सी. बसला.
सुनेचे तीन फोन.
गेलो तर म्हातारी अंगणात
ओल्या चटईवर, पाय पसरून,
मला बघून हसली, जणू माझंच काही बिघडलंय.
मी कॉम्प्रेसर खोलला, तिने आठवणी.
लहानपणी म्हणे फलजच्या पाटात चादर भिजवायची,
पिळायची, अंगावर घ्यायची,
ती वाळायच्या आत झोप लागली पाहिजे.
नाहीच लागली तर?
तर उठायचं, परत भिजवायची.
रात्रीतून किती वेळा?
घरात तान्हं असेल तर सात, म्हणाली, बोटं मोजून.
मग आठवं बोट धरून बसली.
मी विचारलं नाही.
कपॅसिटर बदलला, बिल सुनेला दिलं.
निघताना तिने ओंजळभर खजूर दिले, अर्धे पिकलेले,
टोकाला मऊ, देठाशी अजून पिवळे आणि करकरीत.

ऑगस्टात एका रात्री वीज गेली.
ए.सी.वाल्यांच्या खोलीतला ए.सी. बंद,
गल्लीभर हसू झालं असतं, पण हसायला कोण जागेवर होतं!
कुणी गाडीत जाऊन बसलं, कुणी गच्चीवर,
गच्चीवरून लगेच खाली.
मोफिजुलचं अंग तापलेलं, दुपारपासून उलट्या.
क्लिनिकातून सुई देऊन पाठवला होता, पाणी पाजत राहा म्हणून.
मीठसाखरेचं पाणी पाजलं,
त्याची चादर लाल नळाखाली धरली,
पिळली, पांघरली.
वाळली. परत धरली.
भिंत हाताला लागत होती तव्यासारखी,
अंधारात ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाजच तेवढा गार.
तिसऱ्यांदा पांघरली तेव्हा तो काहीतरी पुटपुटला,
शिवी नव्हती.

मग माझाच डोळा लागला असणार.
जाग आली ती अंगावर काहीतरी ओलं पडलं म्हणून.
तो उभा होता, भिंतीला धरून, उघडा,
आणि माझी चादर नीट करत होता पायाशी.
न्हाणीत नळ चालू राहिला होता.
लाल खुणेचा.