पाऊणकी

फाईलचं नाव 'तलाव अंतिम, खरंच अंतिम, सात'.
बेलापूरच्या चौथ्या मजल्यावर मला वारशात मिळाली,
डुगडुगत्या खुर्चीसोबत.

उघडली की आधी कुरकुरते:
सूत्र स्वतःभोवतीच फिरतंय.
फिरणारच. तलावातून पाणी किती जाईल
ते तलावात किती आहे त्यावर,
आणि किती आहे ते, किती गेलं त्यावर.
तांडेल साहेबांनी कुठेशी खूण करून ठेवलीय:
शंभरदा फिर, मग सांग.
फिरते बिचारी. तिसऱ्या दशांशाला थकून गप्प होते.

मला फक्त पंप किती ते हवं होतं,
मे संपायच्या आत, निविदेसाठी.
पण कॉलम एफवरून थेट आयवर उडी मारत होते.
मधले दोन लपवलेले.
उघडले.
जीमध्ये एक ते पंधरा, पुन्हा एक ते पंधरा.
एचमध्ये त्यालाच गुणिले शून्य पूर्णांक पंच्याहत्तर.

हा कुठला गुणांक? कुठलं कलम?
दोन कोड चाळले, एक जुनी नोंदवही.
शेवटी दिवाळ्याला फोन लावला.
"तिथी हाय ती, पोरी.
तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ.
अष्टमीला आठ पाऊण सहा. सहाला खाडी भरलेली.
बापानं होडीत बसवून पाऊणकी पाठ करून घेतली,
चुकलो की वल्ह्याचं पाणी तोंडावर."
मग जरा थांबून,
"ऑडिटवाल्यांना तिथी कशी सांगायची? म्हणून लपवली."

बंदराचं भरतीचं कोष्टक आणून शेजारी ठेवलं.
प्रतिपदेला तीनच मिनिटांचा फरक.
मग रोज थोडा थोडा वाढत
पौर्णिमेला जवळजवळ पाऊण तास.
चूकसुद्धा पाऊणच्या घरातली!
पण नेमकं त्याच दिवशी पाणी सगळ्यात उंच,
झडपा बंद, आणि शहर खाडीपेक्षा खाली.
सूत्र बदललं. तीनाचे चार पंप झाले.

रात्री राहवलं नाही, पुन्हा फोन.
"ठाऊक हाय," म्हणाले,
"पुनवेला बाप बोटं मोजायचा नाय.
काठावर उभा राहून नुसता बघायचा."
माझ्या चौथ्या मजल्यावरून
समोरच्या इमारतीचे एसी दिसतात फक्त.

एच कॉलम पुसला नाही.
लपवलाही नाही. वर लिहिलं:
पाऊणकी, ह. तांडेल, ताळ्यासाठी.
नाव अर्धंच दिसत होतं,
मग कॉलम थोडा रुंद केला.