वजनकाट्यावर इमुगी

कोरियात जुन्या झाडूचं रात्री भूत होतं
असं पान चाळीसवर लिहिलंय.
मी केबिनच्या कोपऱ्यात बघितलं.
आमचा झाडू तसाच, दोरी सुटलेला.
भूत व्हायलाही थोडी उमेद लागत असावी.

त्या भुताला कुट्टूची खांडवी फार आवडते म्हणे.
कुट्टू मी पाहिलेलं नाही. मग मी त्याला
डब्यातली कळण्याची भाकरी दिली, ठेच्यासोबत,
आणि पुढचं अख्खं प्रकरण ते पाणी मागत फिरलं.

चोपडा, हातेड रस्ता, रात्रपाळी.
केळीचे ट्रक चढतात, लाल आकडे थरथरतात,
स्थिरावतात, मी पावती फाडते. मधल्या वेळात वाचते.
एकदा कादंबरीच काट्यावर ठेवून पाहिली,
चारशे बारा पानं, तीन राज्यं, एक बुडालेलं गाव:
शून्य.
दहा किलोच्या खाली आमचा काटा काही मानत नाही.

पण इमुगी डोक्यातून जात नाही.
इमुगी म्हणजे अजगर, डोहाच्या तळाशी
हजार वर्षं पडून. ड्रॅगन व्हायचंय त्याला.
मुदत भरली की पाणी फोडून वर निघतो
आणि त्या क्षणी काठावर जे कुणी उभं असेल
ते ‘ड्रॅगन’ म्हणालं, तर आभाळ उघडतं.
‘साप’ म्हणालं, तर परत तळाला. पुन्हा एकपासून.

सुकलालभाऊंनी गाडी लावली, दिल्लीला निघालेली.
“काय वाची ऱ्हायनी व माय?”
सांगितलं सगळं, हजार वर्षांसकट.
पावतीची घडी घालत ते ऐकत राहिले.
“मंग म्हनी टाकानं ना ड्रॅगन.
आपलं काय जास?”
आणि क्लच सोडला.

दहावीला मी गणितात शाळेत पहिली आले
तेव्हा आप्पा म्हणाले होते,
काट्यावर बसायला बरी.
चुकीचं नव्हतंच. वजनात माझी चूक होत नाही.

पान तीनशे नव्वद. डोह फुगलाय,
काठावर कोळ्याची पोर, तोंड उघडलेलं,
आणि बाहेर हॉर्न.

पुस्तक उपडं ठेवून खिडकीशी आले.
गलंगीकडून रिकाम्या गाड्या, वीस-पंचवीस,
एकीच्या शेपटीला दुसरी,
दिवे वळणावर वाकत, धुळीतून अंग काढत
वर येत होते.

मी काच सरकवली.
जवळपास कुणी नव्हतं.
तरी आवाज जरा चोरटाच निघाला.